बोल्ड, कंडेन्स्ड, इटॅलिक: इंग्रजीत भारी दिसतं, मग मराठीत का बिघडतं?

कोल्हापुरात फुटबॉलचा सीझन सुरू झाला की शाहू स्टेडियमवरच्या मॅचची पोस्टरं स्टेटसला फिरायला लागतात. स्टाईल ठरलेली: जाड, अरुंद आणि उजवीकडे झुकलेली अक्षरं. जाडीमुळे लांबून दिसतं, अरुंदपणामुळे मंडळाचं लांब नाव एका ओळीत बसतं आणि झुकाव वेग दाखवतो. पण एडिटिंग अ‍ॅपमध्ये मराठी नावावर हेच बटण दाबलं की काहीतरी गंडतं. का ते बघूया.

इटॅलिकचा जन्म इटलीतला. १५०१ मध्ये व्हेनिसच्या आल्डस मनुशियसने त्यात आख्खं पुस्तक छापलं. त्यामुळे रोमन लिपीच्या अनेक फॉन्टमध्ये इटॅलिक वेगळं काढलेलं असतं. देवनागरी फॉन्टमध्ये ते बहुतेकदा नसतंच. मग सॉफ्टवेअर जुगाड करतं: सरळ अक्षर तिरकं ढकलतं. वेबच्या सीएसएस नियमात या झुकावाचा मूळ कोन १४ अंश आहे.

गणित सोपं आहे. बिंदू जितका उंच, तितका जास्त सरकतो. शिरोरेषा १०० युनिट उंचीवर असेल तर ती सुमारे २५ युनिट उजवीकडे जाते. ती आडवीच राहते, पण १३० उंचीवरचा अनुस्वार ३२ युनिट सरकतो, म्हणजे आपल्या अक्षरापासून आणखी पुढे. काही अ‍ॅपमध्ये शेवटच्या अक्षरावरची मात्रा चक्क कापली जाते. शिवाय 'र' चा तिरका पाय जाड होतो आणि उलट्या दिशेच्या रेषा बारीक होतात.

अरुंद करतानाही तोच घोळ. अक्षर बाजूने दाबून ६० टक्के केलं, तर १० युनिट जाडीचा काना ६ होतो, पण शिरोरेषा १० च राहते. वरून बोल्ड केलं की 'क्ष', 'ज्ञ', 'ष्ट्र' मधल्या पोकळ्या बुजतात. जुना पेंटर बोर्ड रंगवताना जागा बघून प्रत्येक अक्षर नव्याने काढायचा. बटण मात्र फक्त ताणतं आणि दाबतं.

मग करायचं काय?

१. मुळातच अरुंद काढलेला फॉन्ट घ्या. इंडियन टाइप फाउंड्रीचा 'तेको' किंवा एक टाइपचा 'अनेक देवनागरी' गुगल फॉन्ट्सवर फुकट आहेत. 'अनेक' मध्ये रुंदी ७५ ते १२५ आणि जाडी १०० ते ८०० अशी हवी तशी बदलता येते. रुंदी ७५, जाडी ८०० ठेवून बघा.

२. वेग हवा असेल तर अक्षरं सरळ ठेवा आणि मागची रंगीत पट्टी तिरकी करा. इटॅलिक लागणारच असेल तर कोन कमी ठेवा आणि प्रत्येक मात्रा तपासा.

३. 'श्रीखंड' हा झुकलेला, जाड फॉन्ट नावावरून आपला वाटेल, पण तो गुजराती आणि रोमन लिपीचा आहे. त्यात देवनागरी नाही.

४. फायनल करण्याआधी डिझाईन स्क्रीनवर अंगठ्याएवढं करा आणि ज्याला मजकूर माहीत नाही अशा मित्राला वाचायला द्या. तो अडखळला, तर चौकात गाडीवरून जाणाराही अडखळणार.

फ्लेक्स एकदा छापला की तिथे 'अनडू' नसतो. आणि बोर्डावर जोडाक्षर बुजलं की बहुतेकदा ते कुणाच्या तरी नावातलंच असतं.