निरोप घेऊन गेले, हिशोब घेऊन आले

अधिवेशनाला निघायच्या आदल्या रात्री मी स्वयंपाकघराच्या फरशीवर पावतीबुकं मांडून बसले होते. प्रत्येक पावतीखाली कार्बनची निळसर नक्कल. एकावर संत्र्याच्या रसाचा पिवळा डाग, एकावर कुणाच्या तरी लेकराने पेन्सिलीने काढलेली रेघ. तीनदा मोजलं, तिन्ही वेळा आकडा एकच आला : ११२. आमच्या संघटनेत पन्नास सभासदांमागे एक प्रतिनिधी, म्हणजे मोर्शी तालुक्याचे दोन. त्यातली एक मी.

मी अंगणवाडी सेविका आहे. नागपूर आम्हा बायांना ठाऊक आहे ते मोर्चाचं. डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन भरलं की यशवंत स्टेडियमवरून निघायचं, पोलिसांनी अडवलं तिथे रस्त्यावर बसायचं, शिष्टमंडळ आत जाऊन येईपर्यंत घोषणा द्यायच्या आणि रात्रीच्या गाडीने परत यायचं. अशा फेऱ्या मी किती केल्या ते आता आठवत नाही. संघटनेच्या अधिवेशनाला प्रतिनिधी म्हणून मात्र यंदा फेब्रुवारीत पहिल्यांदाच गेले. मोर्चात आपण गर्दीचा भाग असतो. अधिवेशनात आपल्याला मत असतं, आणि ते आपल्या एकटीचं नसतं. दोन्हींत एवढा फरक आहे हे मला तिथे बसल्यावर कळलं.

निघण्याआधी तालुक्याची सभा झाली. तहसील कार्यालयाजवळच्या झाडाखालीच बसलो. त्या जागेला धरणं-उपोषणं नवी नाहीत. सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धा धरणात जमिनी गेलेले प्रकल्पग्रस्त याच मोर्शीत महिनोन्महिने बसले होते आणि २०२३च्या ऑगस्टमध्ये त्यांनी मुंबईला मंत्रालयातल्या जाळीवर उड्या घेतल्या, तेव्हा कुठे राज्याचं लक्ष इकडे वळलं. आमच्या सभेत बायांनी एकेक करून सांगितलं. कुणाचं अंगणवाडीचं भाडं थकलेलं, कुणाला सेवानिवृत्तीनंतरची रक्कम मिळालेली नाही, कुणाच्या फोनमध्ये पोषण ट्रॅकर ॲप उघडतच नाही. मी सगळं वहीत लिहून घेतलं. शेवटी आमच्या बीटमधली एक मदतनीस म्हणाली, "बाई, तुमी तं जाऊन राह्यल्या, पन आमचं कोन सांगीन?" तिला निरीक्षक म्हणून सोबत न्यायचं ठरलं. निरीक्षकाला सभागृहात बसता येतं, मत देता येत नाही, आणि बोलायचं तर अध्यक्षांची परवानगी लागते.

सकाळी वरूड-काटोलमार्गे नागपूरची एसटी धरली. मार्च २०२३पासून बायांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे तालुक्याने गोळा केलेल्या प्रवासखर्चातून पैसे उरले. ते मी वेगळ्या पाकिटात ठेवले. रस्त्याच्या दोन्ही अंगाला मृग बहाराची संत्री तोडणीला आलेली. बागेत क्रेट भरणाऱ्या बाया पाहून मदतनीस म्हणाली, तिची सून याच कामाला जाते, हंगामात तिची दिवसाची मजुरी सासूच्या दिवसाच्या मानधनापेक्षा जास्त पडते.

मानधन हा शब्द नीट समजून घ्यायला हवा. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ प्रकल्पांनी सुरू झाली. महाराष्ट्रात सुरुवात झाली ती मुंबईची धारावी आणि आमच्याच अमरावती जिल्ह्यातलं मेळघाटातलं धारणी इथून. म्हणजे राज्यात या कामाची सुरुवात आमच्याही जिल्ह्यातून झाली. गावातली बाई दिवसातले चार तास समाजसेवा करणार आणि सरकार तिचा मान राखायला थोडं धन देणार, अशी मूळ कल्पना. पुढे काम वाढत गेलं. वजनं, लसीकरणाची यादी, गरोदर बायांच्या गृहभेटी, घरपोच आहार, पूर्वशालेय शिक्षण, निवडणुकीची कामं, मोबाईलवरची माहिती. शब्द मात्र तोच राहिला. ऑक्टोबर २०१८पासून केंद्राने ठरवलेलं मानधन सेविकेला महिना ४,५०० रुपये आणि मदतनिसाला २,२५० रुपये. राज्य त्यात आपली भर घालतं, आणि प्रत्येक भरीमागे एखादा संप आहे. २०१७च्या सप्टेंबरात सुरू झालेला संप जवळपास महिनाभर चालला. ४ डिसेंबर २०२३ला सुरू झालेला ५२ दिवस चालला. मधे मार्च २०१८मध्ये आम्हाला मेस्मा कायद्याखाली आणलं आणि विधिमंडळात ओरड झाल्यावर ते मागे घेतलं. अत्यावश्यक सेवेचा कायदा लावायचा तेव्हा आम्ही अत्यावश्यक, आणि पगार द्यायचा तेव्हा मानसेवी. माझ्या मते आमच्या सगळ्या भांडणाचं मूळ या एका वाक्यात आहे.

सभागृहाच्या दारात नोंदणीचं टेबल होतं. प्रतिनिधी शुल्क भरलं, पिशवी मिळाली, लाल फितीचा बिल्ला मिळाला आणि एक छापील अर्ज. त्याला परिचयपत्र म्हणतात. नाव, वय, शिक्षण, सेवेची वर्षं, संघटनेत कधीपासून, कोणती जबाबदारी, आणि एक रकाना : आंदोलनात अटक झाली होती का, किती दिवस? माझ्या शेजारी बसलेल्या साठीच्या बाईने त्या रकान्यात बराच वेळ पेन टेकवून ठेवलं. मग लिहिलं, "चार वेळा, संध्याकाळी सोडलं." दुसऱ्या दिवशी परिचय समितीने या अर्जांवरून अहवाल वाचला. सर्वांत ज्येष्ठ प्रतिनिधी कोण, सर्वांत तरुण कोण, पहिल्यांदा आलेल्या किती. आपल्याबद्दलची इतकी काळजीपूर्वक केलेली मोजणी मी पूर्वी कधी ऐकली नव्हती. सरकार आम्हाला लेकरांची उंची-वजनं मोजायला लावतं. आम्हाला मोजलं ते आमच्या संघटनेने.

ही मोजणी औपचारिक वाटते, पण कामगार चळवळीतली मोठी फूट हिच्याशीच जोडलेली आहे, आणि ती झाली याच नागपुरात. देशातली पहिली मध्यवर्ती कामगार संघटना, अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस, म्हणजेच आयटक, ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत स्थापन झाली. लाला लजपतराय पहिले अध्यक्ष. तिचं दहावं अधिवेशन १९२९च्या अखेरीस नागपूरला भरलं आणि जवाहरलाल नेहरू अध्यक्षस्थानी होते. आदल्या वर्षी मुंबईच्या मोठ्या संपातून उभ्या राहिलेल्या गिरणी कामगार युनियनला किती सभासद धरून किती प्रतिनिधित्व द्यायचं, यावर तिथे जोरदार वाद झाला. त्याच्या जोडीला ब्रिटिश सरकारने कामगारांच्या प्रश्नांवर नेमलेल्या व्हिटले आयोगावर बहिष्कार घालायचा का, हा प्रश्न होता. बहिष्काराचा ठराव झाला, आणि ना. म. जोशी, व्ही. व्ही. गिरी आणि त्यांचे सहकारी बाहेर पडले. त्यांनी वेगळा महासंघ काढला. पुढे दोन्ही बाजूंची जुळवाजुळव झाली तीही १९३८ साली नागपुरातच, आणि १९४०मध्ये ते पुरते एक झाले. पुढे राष्ट्रपती झालेले गिरी ते हेच.

नेहरूंची त्या अध्यक्षपदाची हकिगत मला जास्त मोलाची वाटते. १९२८च्या झरियाच्या अधिवेशनात त्यांची निवड झाली, तीही ते निघून गेल्यावर. त्यांच्याविरुद्ध उभा होता तो एक रेल्वे कामगार. आपण हजर असतो तर त्या कामगारासाठी माघार घेतली असती, जो कामगार नाही आणि चळवळीत नवखा आहे अशाला एकदम अध्यक्ष करणं योग्य नव्हतं, असं त्यांनी पुढे आत्मचरित्रात मोकळेपणी लिहिलं. व्यासपीठावर कोण आणि खाली कोण, हा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही आहे. आमच्या संघटनेला वकील, निवृत्त प्राध्यापक, पूर्णवेळ कार्यकर्ते अशा माणसांनी आयुष्य दिलं, ते मी विसरणार नाही. तरीही कार्यकारिणीत सेविका आणि मदतनिसांची संख्या वाढली पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि मी ते तिथेही मांडलं.

ध्वजवंदन झालं, वर्षभरात गेलेल्या सभासदांना उभं राहून श्रद्धांजली झाली, अध्यक्षमंडळ बसलं, ठराव समिती नेमली गेली. मग सरचिटणीसांचा अहवाल. दीड तास चालला. शिष्टमंडळं, निवेदनं, न्यायालयातले दावे. २०२१च्या ऑगस्टमधल्या मोबाईल वापसीची आठवण निघाली तेव्हा सभागृहात टाळ्या झाल्या. निकृष्ट फोन आम्ही त्या वेळी राज्यभर कार्यालयांत नेऊन परत केले होते. आणि २५ एप्रिल २०२२चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. गुजरातच्या सेविका-मदतनिसांच्या दाव्यात न्यायमूर्ती अजय रस्तोगी आणि अभय ओक यांनी सांगितलं की १९७२चा ग्रॅच्युइटी कायदा आम्हाला लागू आहे. अंगणवाडी ही आस्थापना आहे आणि मानधन हे त्या कायद्यापुरतं वेतनच आहे. अहवालातला हा भाग मी वहीत जसाच्या तसा उतरवला, कारण तालुक्यातल्या निवृत्त बायांना हेच सांगायचं होतं.

जेवायला आलूवांग्याची भाजी, पोळी, वरण-भात आणि बुंदी होती. वाढायला यजमान जिल्ह्याच्या सेविका. वर्षभर दुसऱ्यांच्या लेकरांना वाढणाऱ्या हातांनी आम्हाला आग्रह केला.

दुपारी जमाखर्च आला. पहिल्या दिवसात मला हा तास सर्वांत मोलाचा वाटला. पुष्कळ प्रतिनिधी या वेळी चहाला उठतात, आणि ते चूक आहे. १९२६च्या ट्रेड युनियन कायद्याने नोंदणीकृत संघटनेवर तपासलेला हिशोब दर वर्षी निबंधकाकडे पाठवण्याचं बंधन घातलं, राजकीय कामाचा निधी वेगळा ठेवायला लावला, आणि हिशोबाची पुस्तकं पाहण्याचा हक्क साध्या सभासदालाही दिला. २१ नोव्हेंबर २०२५पासून या कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली, तरी वार्षिक विवरणाचं बंधन कायम आहे. या संहितेत वाटाघाटीचा एकट्याचा अधिकार ५१ टक्के कामगार ज्या संघटनेत असतील तिला मिळतो. आम्हा मानधनावरच्या बायांना संहितेतलं काय लागू आणि काय नाही, हा भांडणाचा विषय आहेच. पण पावती फाडणं, मोजणं आणि जपून ठेवणं यापुढे आणखी महत्त्वाचं होणार, एवढं सरळ आहे.

मी हात वर केला. प्रवासखर्चाची रक्कम आदल्या वर्षापेक्षा जास्त का, असं विचारलं. खजिनदारांनी पान उघडून दाखवलं : मुंबईच्या सुनावण्यांच्या तारखा वाढल्या होत्या. उत्तर पटलं, मी बसले. प्रश्न विचारताना आवाज थरथरत होता. आमच्या मोर्शी तालुक्यातलं रिद्धपूर हे महानुभावांचं मोठं स्थान. मराठीतली आद्य कवयित्री महदंबा तिथे राहिली, आणि लीळाचरित्रात ती चक्रधरांना सारखे प्रश्न विचारताना दिसते. त्या मातीतल्या बाईने हिशोबाचा प्रश्न विचारायला इतकं घाबरायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी ठराव. मानधनाचा ठराव वाचला जात असताना माझ्या मागच्या रांगेतून आमची मदतनीस उभी राहिली. मी चिठ्ठी पाठवली, अध्यक्षांनी तीन मिनिटं दिली. ध्वनिक्षेपकासमोर ती आधी काहीच बोलेना. पदर सावरला, बिल्ला सरळ केला, आणि मग तिच्या बोलीत बोलली :

"कुलूप मी उघडतो, झाडून मी काढतो, पानी मी भरतो, लेकरं घरून मी आनतो. बाई रजेवर गेल्या तं अंगनवाडी मीच चालवतो. मंग पैसे अर्धे कायले?"

घंटा वाजायच्या आधीच ती खाली बसली. ठरावात मदतनिसाच्या मानधनाची मागणी सेविकेच्या मागणीच्या शेपटाला होती. ती स्वतंत्र कलम म्हणून घ्यावी आणि सेविकेची जागा रिकामी झाली की पात्र मदतनिसाला आधी संधी मिळावी, अशी दुरुस्ती मी मांडली. बुलढाण्याच्या प्रतिनिधीने अनुमोदन दिलं. हात वर झाले, दुरुस्ती मंजूर झाली. मदतनिसाला हात वर करता आला नाही, ती निरीक्षक होती.

कामगारांच्या सभेत बाईने उभं राहून बोलणं नवं नाही. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची प्रचंड सभा भरवली, सुमारे दहा हजार माणसं जमली आणि तिथे दोन कामगार बायांनीही भाषणं केली. मागणी आठवड्याच्या सुट्टीची होती. त्याच वर्षी जूनमध्ये गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज देशभर रविवार पाळणाऱ्यांपैकी किती जणांना त्या दोघींची आठवण असेल?

परतल्यावर आठ दिवसांनी त्याच झाडाखाली सभा घेतली. अधिवेशनाची पिशवी आणि फोटो दाखवण्यासाठी ती नव्हती. ११२ बायांनी पाठवलं, तर ११२ बायांना सांगितलंच पाहिजे. ठराव वाचले, जमाखर्चाची प्रत फिरवली, ग्रॅच्युइटीच्या निकालाचा कागद निवृत्त झालेल्या दोघींच्या हातात दिला आणि अर्ज कुठे करायचा ते लिहून दिलं. प्रवासखर्चातून उरलेले पैसे पाकिटासकट तालुका खजिनदाराकडे जमा करून पावती घेतली. सभेत चौकशी झाली ती नेमकी : कोणत्या ठरावाला आपण मत दिलं, कोण बोललं, कुणी विरोध केला. ज्या गोष्टीचं उत्तर मला देता आलं नाही ती वहीत पुन्हा लिहून घेतली.

त्याच सभेत पुढच्या अधिवेशनाचे प्रतिनिधी ठरले. मोर्शी तालुक्याच्या दोन प्रतिनिधींपैकी एक मदतनीस असेल, असा ठराव हात वर करून झाला, आणि या वेळी तिनेही हात वर केला.