कोलारचे सोने आणि कोलारची माणसे

दसऱ्याला आपण आपट्याची पाने सोने म्हणून वाटतो आणि उरलेले वर्षभर खऱ्या सोन्याचा भाव वर्तमानपत्रात वाचून सुस्कारे टाकतो. परंतु हे सोने जमिनीतून निघते कसे, ते काढतो कोण आणि ते संपल्यावर त्या गावाचे काय होते, याचा विचार सहसा आपल्या मनात येत नाही. या प्रश्नांची उत्तरे ज्याला प्रत्यक्ष पाहावयाची असतील त्याने कर्नाटकातील कोलार सुवर्णक्षेत्र एकदा तरी पाहावे. २०१८ साली 'के.जी.एफ.' या नावाचा चित्रपट आल्यापासून ही तीन अक्षरे आपल्या मावळातही घरोघर पोहोचली. पण चित्रपटातली खाण कल्पनेतली आहे. खऱ्या खाणीची हकीकत निराळी आहे आणि माझ्या मते ती मनाला अधिक चटका लावणारी आहे.

पुण्याहून बंगलोरला जावे, तेथून पूर्वेकडे बंगारपेठ जंक्शनला उतरावे. तेथून मारिकुप्पमपर्यंत एक छोटा फाटा जातो. हा फाटा गेल्या शतकाच्या आधीच, १८९०–१९०० या दशकात, मुख्यतः खाणींसाठीच टाकला गेला. गाडी पुढे जाऊ लागली की खडकाळ माळ, बोडके डोंगर आणि मधूनच राखाडी-पिवळसर रंगाच्या, माथा सपाट असलेल्या टेकड्या दिसू लागतात. नवख्याला त्याही डोंगरच वाटतात. वास्तविक त्या माणसाने रचलेल्या आहेत. सोने काढून घेतल्यावर उरलेल्या दगडाच्या भुकटीचे ते ढीग होत. तेथील लोक त्यांना 'सायनाइडच्या टेकड्या' म्हणतात.

आता कोणी विचारील, कोलारच्या खडकात सोने आहे, मग आपल्या सह्याद्रीत का नसावे? याचे उत्तर खडकाच्या वयात आणि जातीत आहे. लोहगड, विसापूर ज्या काळ्या कातळाचे आहेत तो बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून तयार झाला. त्यात सोन्याच्या शिरा नाहीत. कोलारचा खडक त्याच्या कित्येक पट जुना, सुमारे २७० कोटी वर्षांचा आहे. भूशास्त्रज्ञ त्याला धारवाडी खडकांच्या गटात घालतात. उत्तर-दक्षिण पसरलेला हा पट्टा सुमारे ८० किलोमीटर लांब आणि काही किलोमीटर रुंद आहे. प्राचीन काळी खोलवरून वर येणाऱ्या तप्त पाण्याबरोबर गारगोटी आणि तिच्यासोबत सोन्याचे सूक्ष्म कण खडकाच्या भेगांत साचले. या गारगोटीच्या शिरा हेच कोलारचे धन.

हे धन इंग्रजांनी शोधले असे आपण म्हणतो, ते अर्धेच खरे आहे. इंग्रजांच्या कितीतरी आधी तेथील लोकांनी या शिरांवर खड्डे खोदून सोने काढले होते. पुढे कंपन्यांनी ज्या जागी यंत्रे लावली, त्यांपैकी बऱ्याच जागा या जुन्या खोदकामांच्याच होत्या. आपल्या दृष्टीने एक गोष्ट मुद्दाम नमूद करण्यासारखी आहे. १६३८ नंतर बंगलोर, कोलार, होसकोटे हा मुलूख विजापूर दरबाराकडून शहाजीराजांच्या जहागिरीत आला. म्हणजे पुण्याची जहागीर आणि कोलारची जहागीर एके काळी एकाच माणसाच्या नावे होती.

१७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर म्हैसूर राज्याच्या नव्या सरहद्दीची मोजणी सुरू झाली. या कामावरील लेफ्टनंट जॉन वॉरन याने १८०२ मध्ये या भागात सोने सापडते अशी वदंता ऐकली. गावकऱ्यांनी गाडीभर माती आणून त्याच्यासमोर धुतली, तेव्हा तळाशी सोन्याचे कण चमकले. वॉरनने त्याची नोंद करून ठेवली. १८७१ च्या सुमारास बंगलोरमध्ये राहणारा मायकेल लॅव्हेल हा निवृत्त आयरिश सैनिक ती नोंद वाचून या भागात हिंडला. १८७५ साली त्याला म्हैसूर सरकारकडून खाणीचा परवाना मिळाला. पण त्याच्यापाशी भांडवल नव्हते. १८८० मध्ये लंडनची जॉन टेलर अँड सन्स ही कंपनी आली आणि मग खऱ्या अर्थाने काम सुरू झाले. म्हैसूर, चँपियन रीफ, उरिगाम, नंदीदुर्ग अशा खाणी एकामागून एक उभ्या राहिल्या.

सोने काढण्याची रीत थोडक्यात अशी. प्रथम शाफ्ट, म्हणजे खोल विहिरीसारखा उभा खड्डा, खणतात. त्यातून पिंजऱ्यात बसून माणसे खाली जातात. खाली शिरेच्या रोखाने आडवे बोगदे काढून सुरुंगाने दगड फोडतात. वर आणलेला दगड गिरणीत कुटून त्याची पिठासारखी भुकटी करतात. पूर्वी ही भुकटी पाण्याबरोबर पारा लावलेल्या तांब्याच्या पत्र्यांवरून सोडीत, म्हणजे सोने पाऱ्याला चिकटे. जे कण निसटत ते सायनाइडच्या पाण्यात विरघळवून, त्यात जस्त घालून परत मिळवीत. ही सायनाइडची रीत १८८७ साली शोधली गेली आणि जगभरच्या खाणींनी ती उचलली. सोने वेगळे झाले की उरलेली भुकटी टाकून देत. तेच आजचे ते ढीग.

थोडा हिशेब केला म्हणजे त्या ढिगांच्या आकाराचे आश्चर्य वाटणार नाही. सुरुवातीच्या काळात एक टन दगडातून सुमारे ४५ ग्रॅम सोने मिळे. अखेरच्या काळात हे प्रमाण ३ ग्रॅमच्या आसपास आले. म्हणजे एका तोळ्यासाठी चार टन दगड खालून वर आणावयाचा, कुटावयाचा आणि मग त्या चार टनांची भुकटी गावाच्या वेशीवर टाकावयाची. सव्वाशे वर्षांत कोलारने ८०० टनांहून अधिक सोने दिले. गावाशेजारी राहिलेली भुकटी तीन कोटी टनांहून जास्त आहे.

सोने जसजसे खाली गेले तसतशी माणसेही खाली गेली. चँपियन रीफ खाण सुमारे ३.२ किलोमीटर खोल गेली. लोहगडाची उंची समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या थोडी वर आहे. असे तीन लोहगड एकावर एक ठेवले तरी त्या खाणीचा तळ गाठता येणार नाही. इतक्या खोलीवर खडक हाताला चटका देण्याइतका तापलेला असतो. वरच्या कातळाच्या भाराने बोगद्याची भिंत एकाएकी स्फोट झाल्यासारखी फुटते. या खडकस्फोटांत कित्येक कामगार दगावले. दगडाच्या बारीक धुळीने छातीचा रोग होई तो वेगळाच.

येथे कामाला आलेले बहुसंख्य लोक मद्रास इलाख्यातील तमिळ व तेलुगू जिल्ह्यांतले, भूमिहीन आणि त्यातही पुष्कळसे अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतले होते. गावच्या जमीनदाराच्या वेठीपेक्षा खाणीतला अंधार त्यांना बरा वाटला, यावरून त्या वेठीची कल्पना यावी. साहेबांसाठी बंगले, क्लब आणि गोल्फचे मैदान झाले. मजुरांच्या वाट्याला एका खोलीच्या चाळी आल्या. तरीही हे लोक केवळ सोसत बसले नाहीत. १९३० साली कंपनीने प्रत्येक कामगाराच्या अंगठ्याचे ठसे घेण्याचे ठरविले, तेव्हा आम्ही चोर नाही असे बजावून त्यांनी मोठा संप केला. पंडित अयोथीदास यांनी १८९८ मध्ये स्थापन केलेल्या बौद्ध संस्थेची एक शाखा मारिकुप्पमला होती. १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेपूर्वी अर्धशतक आधी या खाण कामगारांत बुद्धाचा विचार पोहोचला होता, हे आपल्याकडे फारसे ठाऊक नाही.

या खाणींनी देशाला आणखी दोन गोष्टी दिल्या. पहिली वीज. कावेरीवरील शिवसमुद्रम येथे वीजघर उभारून १९०२ मध्ये तेथील वीज सुमारे १४८ किलोमीटर लांब तारांवरून कोलारला आणली गेली. त्या काळी ही जगातील अत्यंत लांब वीजवाहिन्यांपैकी एक होती. पुढे तेरा वर्षांनी, १९१५ साली, लोणावळा-वळवणच्या तलावांतले पाणी खोपोलीला सोडून टाटांनी मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरविली. आपल्या मावळच्या तलावांची ही कोलारची थोरली बहीण म्हणावयास हरकत नाही.

दुसरी गोष्ट विज्ञानाची. न्यूट्रिनो नावाचा अतिसूक्ष्म कण आकाशातून सतत येत असतो, पण इतर किरणांच्या गर्दीत तो ओळखू येत नाही. जाड खडक मध्ये असला तर बाकीचे कण अडतात आणि न्यूट्रिनो मात्र आरपार जातो. म्हणून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी कोलारच्या खाणीत दोन किलोमीटरहून खाली आपली उपकरणे मांडली आणि १९६५ मध्ये जपानी व ब्रिटिश सहकाऱ्यांसमवेत वातावरणात निर्माण होणाऱ्या न्यूट्रिनोंची नोंद केली. जगातील अशा पहिल्या नोंदींत तिची गणना होते. उपकरणे खाली उतरविणारे आणि बोगदा शाबूत राखणारे हात मात्र खाणकामगारांचेच होते.

१९५६ मध्ये म्हैसूर सरकारने खाणी ताब्यात घेतल्या, १९६२ मध्ये त्या केंद्राकडे गेल्या आणि १९७२ मध्ये भारत गोल्ड माइन्स लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली. पण खोली वाढत गेली, सोने घटत गेले आणि एक तोळा काढण्याचा खर्च त्याच्या किमतीपेक्षा जास्त होऊ लागला. २८ फेब्रुवारी २००१ रोजी काम थांबले. पंप बंद झाले आणि खालचे बोगदे पाण्याने भरू लागले.

मग माणसांचे काय झाले? हे पाहावयाचे असेल तर मारिकुप्पमच्या फलाटावर पहाटे उभे राहावे. खाणकामगारांची मुले-नातवंडे हजारोंच्या संख्येने बंगलोरची गाडी पकडतात, सुमारे शंभर किलोमीटरवर काम करतात आणि रात्री झोपावयास परत येतात. ज्या आगगाडीने पूर्वी गावाचे सोने बाहेर नेले ती आता गावाचे मनुष्यबळ नेते. पावसाळ्याच्या तोंडी वारा सुटला की टेकड्यांची भुकटी घरात, पाण्यात, जेवणाच्या ताटात येते. २०२४ साली कर्नाटक मंत्रिमंडळाने यांपैकी तेरा ढिगांतून उरलेसुरले सोने काढण्यास मान्यता दिली. त्यातले काही गावाच्या पदरात पडते का, हे आता पाहावयाचे.

आम्ही उर्से गावची मुले हे सर्व परक्या प्रांताची गोष्ट म्हणून वाचू शकत नाही. आमच्या जमिनीत सोने नाही हे खरे. पण मावळचे पाणी मुंबईच्या विजेला लागले, शेजारच्या मुळशीत धरणाखाली जाणाऱ्या जमिनींसाठी सेनापती बापटांना १९२१ मध्ये सत्याग्रहास उतरावे लागले, आणि आज आमच्या शिवारात द्रुतगती मार्गाचा टोलनाका आणि कारखाने उभे आहेत. हे येऊच नये असे मी म्हणत नाही. कोलारला खाण आली नसती तर तेथील हजारो कुटुंबे वेठीतच राहिली असती. परंतु खाण चालू असतानाच तेथे दुसरे धंदे, दुसरी कौशल्ये पुरेशी रुजविली गेली नाहीत. १९६४ च्या सुमारास मातीकामाची अवजड यंत्रे बनविणारा एक सरकारी कारखाना आला, तेवढाच काय तो आधार. कारखान्याचे दिवस चांगले असतात तेव्हाच त्याच्यानंतरच्या दिवसांची तरतूद करावी लागते. दरवाजे बंद झाल्यावर केलेल्या मागणीला फारशी किंमत राहत नाही.

आपल्या महाविद्यालयाची सहल कधी म्हैसूर-बंगलोरकडे निघाली तर वृंदावन बागेतला अर्धा दिवस कमी करून कोलारला अवश्य जावे. बंद शाफ्टवरचे गंजलेले लोखंडी मनोरे पाहावेत, सायनाइडच्या टेकड्या लांबूनच पाहाव्यात आणि एखाद्या जुन्या कामगाराजवळ बसून तो किती खोल उतरत असे ते विचारावे.