तेलाचा ठिपका आणि उजेडाचं माप

दोस्तांनो, दूध लिटरवर मोजतात, कापूस क्विंटलवर. मग उजेड कशावर मोजतात?

“वॅटवर!” असं म्हणालात ना? थांबा जरा. बल्बवरचे 9 वॅट म्हणजे तो किती वीज घेतो याचा हिशेब. उजेड किती देतो ते सांगतं ल्युमेन. दिव्यातून चहूबाजूंना मिळून बाहेर पडणाऱ्या उजेडाचं हे माप. जुना 60 वॅटचा पिवळा बल्ब साधारण 700 ल्युमेन द्यायचा. आजचा 9 वॅटचा एलईडी 900च्या आसपास देतो. वीज कितीतरी कमी आणि उजेड जास्त!

आता रात्रीच्या वेळी केळापूर तालुक्यातल्या एखाद्या शेतावर चला. टिपेश्वरचं जंगल जवळ, रानडुकरं पिकात शिरतात, म्हणून काका जागलीला आलेत. त्यांच्या बॅटरीचे ल्युमेन घरातल्या बल्बपेक्षा कमी असले, तरी झोत पार पलीकडच्या बांधापर्यंत जातो. कसा काय? बॅटरीतला चकचकीत वाडगा उजेड इकडेतिकडे पसरू देत नाही, एकाच दिशेला वळवतो. एका दिशेला उजेडाचा जोर किती, ते मोजतं कँडेला. मेणबत्तीच्या ज्योतीचा जोर साधारण 1 कँडेला, तर चांगल्या बॅटरीच्या झोताचा काही हजार कँडेला!

पूर्वी मेणबत्ती हेच माप होतं. 1860 साली इंग्लंडच्या कायद्याने तिचं वजन आणि जळण्याचा वेगही ठरवून दिला होता. पण देशोदेशीची मापं वेगवेगळी. म्हणून 1948 साली सगळ्यांसाठी कँडेला आलं. 1979 पासून तर त्याची व्याख्या हिरवट प्रकाशावर बेतली आहे, कारण दिवसा आपल्या डोळ्याला तोच सर्वांत चांगला जाणवतो.

आणि तुमच्या वहीवर किती उजेड पडतो, ते सांगतं लक्स. 1 चौरस मीटर जागेवर 1 ल्युमेन पडला की झाला 1 लक्स. वाचायला साधारण 300 लक्स हवेत. मे महिन्यात 20 तारखेच्या सुमारास भर दुपारी सूर्य केळापूरच्या अगदी माथ्यावर येतो. जगदंबेच्या देवळाच्या आवारात उभे राहिलात, तर सावली पायाखालीच सापडेल! तेव्हा उन्हात जवळजवळ 1,00,000 लक्स असतात. पौर्णिमेच्या चांदण्यात मात्र फार तर पाव लक्स. म्हणजे चार लाख पटींचा फरक, तरीही आपले डोळे दोन्हीकडे वाट काढतात. आहे की नाही कमाल?

आता उजेड मोजूया, तेही यंत्राशिवाय. जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट बुन्सेन यांनी ही युक्ती वापरली होती. कोऱ्या कागदावर तेलाचा एक थेंब टाका आणि पुसून घ्या. रात्री, घरातलं मोठं माणूस सोबत घेऊन, खोली अंधारी करा. कागद उभा धरा. एका बाजूला 1 फुटावर एक पणती ठेवा. दुसऱ्या बाजूला तशाच चार पणत्या एकमेकींना खेटून ठेवा आणि हळूहळू मागे सरकवा. आधी ठिपका ठळक दिसेल, मग फिका होत होत जवळजवळ दिसेनासा होईल. तेव्हा कागदावर दोन्ही बाजूंनी सारखाच उजेड पडतोय!

आता अंतर मोजा. चार पणत्या साधारण 2 फुटांवर असतील. अंतर दुप्पट झालं, की उजेड दुप्पट रुंद आणि दुप्पट उंच जागेवर पसरतो. जागा चौपट झाली, म्हणून उजेड उरला पाव. तो भरून काढायला पणत्या लागल्या चार.

आता एक कोडं. दिव्यापासून 1 मीटरवर ठेवलेल्या पुस्तकावर 75 लक्स पडतात. वाचायला हवेत 300. नवा दिवा आणायचा नाही. मग पुस्तक दिव्यापासून किती अंतरावर ठेवाल? पणत्यांचा हिशेब उलटा मांडा, उत्तर सापडेल!