लीगच्या वेशीबाहेरचा आघाडीपटू

वसंत व्याख्यानमालेत कामगार संघटनेच्या माणसाने फुटबॉलवर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि वाचनालयात अधिक झालेले आहे. खेळाचा शास्त्रशुद्ध अभ्यासक म्हणून मी येथे उभा नाही. परंतु ज्या खेळाडूची हकीकत मी सांगणार आहे, तो विशी उलटून गेल्यावरही कारखान्यात पाळी भरत होता आणि संध्याकाळी सरावाला जात होता. गोल तो तेव्हाही करत होता, पण ते मोजायला फारसे कोणी नव्हते. अशा माणसाविषयी बोलण्याचा अधिकार कामगार कार्यकर्त्याला थोडाबहुत आहे, असे मी समजतो.

या खेळाडूचे नाव जेमी वार्डी. त्याच्याविषयी बोलण्यापूर्वी ‘नॉन-लीग’ हा शब्द समजून घेतला पाहिजे, कारण सारी गोष्ट त्या एका शब्दात आहे. इंग्लंडात १८८८ साली १२ क्लबांनी मिळून फुटबॉल लीग ही संस्था काढली. ती वाढत वाढत चार विभागांची झाली. १९९२ साली सर्वांत वरचा विभाग वेगळा होऊन त्याची प्रीमियर लीग बनली. आज या वरच्या चार पायऱ्यांवर मिळून ९२ क्लब आहेत. त्यांच्याखाली पाचवी, सहावी, सातवी, आठवी अशा पायऱ्या उतरत जातात आणि तेथे शेकडो क्लब खेळतात. हा जो खालचा विस्तार, त्याला नॉन-लीग म्हणजे लीगबाहेरचा फुटबॉल म्हणतात. तेथील बहुसंख्य खेळाडू दिवसा दुसरे काम करतात. कोणी बांधकामावर असतो, कोणी गाडी चालवतो, कोणी शाळेत शिकवतो. आठवड्याला मिळणारे चार पैसे हे त्यांचे वेतन नव्हे, ती जोडकमाई असते.

या दोन जगांमध्ये एक वेस होती. जवळजवळ शंभर वर्षे ती वेस ओलांडण्याचा मार्ग मैदानावरून जात नसे, तो मतपेटीतून जात असे. लीगच्या तळाशी राहिलेल्या क्लबांना पुन्हा निवडून यावे लागे आणि बाहेरचे क्लब त्यांच्याविरुद्ध उमेदवार म्हणून उभे राहत. मतदार कोण? तर लीगमधले क्लबच! आपल्याच पंक्तीतल्या माणसाला उठवून बाहेरच्याला पाट मांडायला कोण सहजी तयार होईल? अल्ट्रिंकहॅम या क्लबाने १९८० आणि १९८१ अशी सलग दोन वर्षे लीगबाहेरची सर्वोच्च स्पर्धा जिंकली. १९८० साली रॉचडेलविरुद्ध त्यांना एक मत कमी पडले आणि दार बंदच राहिले. मैदानावर जिंकूनही टेबलावर हरणे म्हणजे काय, हे आपल्यापैकी अनेकांना वेगळ्या क्षेत्रांतून ठाऊक असेल.

अखेर १९८६–८७ च्या हंगामापासून नियम बदलला. लीगबाहेरच्या सर्वोच्च स्पर्धेचा विजेता मतांवाचून वर जाईल आणि लीगमधला शेवटचा क्लब खाली येईल, असे ठरले. १९८७ साली स्कारबरो वर गेला आणि लिंकन सिटी खाली आला. जेमी वार्डीचा जन्म ११ जानेवारी १९८७ रोजी शेफील्ड शहरात झाला. म्हणजे ज्या हंगामात शिडी लागली, त्याच हंगामात हा मुलगा जन्मला. हा केवळ योगायोग आहे, परंतु लक्षात ठेवण्यासारखा आहे.

शेफील्ड हे पोलादाचे गाव. फुटबॉलच्या इतिहासातही त्याला मान आहे, कारण १८५७ साली स्थापन झालेला शेफील्ड एफसी हा जगातील सर्वांत जुना फुटबॉल क्लब समजला जातो. अशा गावात वार्डी लहानपणी शेफील्ड वेन्सडे या मोठ्या क्लबाच्या तालमीत होता. सोळाव्या वर्षी क्लबाने त्याला सोडून दिले. कारण काय, तर अंगाने लहान. सोळा वर्षांच्या पोराची उंची वाढायची असते हे वडीलधाऱ्या माणसांना कळत नाही असे नाही. परंतु मोठ्या क्लबांत दर वर्षी नवी मुले येतात आणि जुनी काढावी लागतात. तेथे थांबून पाहायला सवड नसते. त्याने काही काळ खेळच सोडला. पुढे काही महिन्यांतच उंची वाढली, पण तोवर नाव यादीतून गेले होते.

मग तो गेला स्टॉक्सब्रिज पार्क स्टील्स या क्लबाकडे. हे नावच पाहा. शेफील्डजवळच्या स्टॉक्सब्रिज गावी सॅम्युअल फॉक्स नावाच्या कारखानदाराने १८४२ साली तारेचा उद्योग सुरू केला. छत्रीच्या पोलादी काड्यांसाठी तो प्रसिद्ध झाला आणि त्याच्यामागे पोलादाचा मोठा कारखाना उभा राहिला. त्या कारखान्याच्या कामगारांचा संघ आणि गावातला दुसरा एक संघ यांच्या मिलाफातून १९८६ साली हा क्लब निघाला. वार्डी २००७ साली त्याच्या पहिल्या संघात आला. पायरी आठवी होती. आठवड्याचे मानधन ३० पौंड, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे अडीच हजार रुपये. पोटासाठी तो एका कारखान्यात कामाला होता. तेथे कार्बन तंतूंपासून स्प्लिंट, म्हणजे दुबळ्या हातापायांना आधार देणारी साधने, बनवत असत. दिवसभर कष्टाचे काम, मग सराव, आणि शनिवारी सामना.

याच काळात एक प्रकरण घडले. मद्यालयाबाहेरच्या मारामारीत त्याला शिक्षा झाली आणि सहा महिने पायाला इलेक्ट्रॉनिक पट्टा आला. संध्याकाळी ठरलेल्या वेळेला घरात असणे भाग होते. दूरगावच्या सामन्यात तो तासभर खेळे आणि सामना संपण्याआधीच मैदान सोडून आईवडिलांच्या गाडीतून घर गाठी. एका मित्राच्या श्रवणयंत्राची कोणी टिंगल केली म्हणून आपण मधे पडलो, असे त्याचे म्हणणे आहे. तो साधुपुरुष नव्हता आणि त्याला तसे रंगवण्याचे कारणही नाही. पुढे नावारूपाला आल्यावर, २०१५ साली, एका जुगारगृहात आशियाई माणसाला उद्देशून त्याने वंशवाचक अपशब्द काढले. त्याबद्दल त्याने क्षमा मागितली आणि क्लबाने त्याला दंड केला. आपल्याला ज्याचे कौतुक करायचे आहे, त्याचे दोष झाकले म्हणजे कौतुकाची किंमत वाढते असे नाही.

आता तो मैदानावर नेमके काय करी ते पाहू. फुटबॉलमध्ये ऑफसाइड नावाचा नियम आहे. सहकारी चेंडू पुढे देतो त्या क्षणी आघाडीपटू चेंडूच्या पुढे असेल, तर तो आणि गोलरेषा यांच्यामध्ये किंवा निदान त्याच्या ओळीत प्रतिपक्षाचे दोन खेळाडू असले पाहिजेत. सहसा त्यातला एक गोलरक्षक असतो आणि दुसरा शेवटचा बचावपटू. म्हणून आघाडीपटूने अर्धा क्षण लवकर धाव घेतली तर तो नियमात अडकतो आणि अर्धा क्षण उशीर केला तर संधी जाते. वार्डीची सारी विद्या या अर्ध्या क्षणाची. तो शेवटच्या बचावपटूच्या खांद्याशी रेंगाळे, चेंडू सुटताक्षणी त्याच्या पाठीमागच्या मोकळ्या जागेत शिरे, आणि एकदा पुढे गेला की मागचा त्याला गाठू शकत नसे. दुसरी गोष्ट म्हणजे चेंडू प्रतिपक्षाकडे असतानाही तो स्वस्थ बसत नसे. बचावपटूंवर धावून जाई, त्यांना घाई करायला लावी आणि त्यांच्या चुकांतून गोल काढी. याला अंगची चपळाई हवी हे खरे, पण त्याहून अधिक हवी ती चिकाटी. नव्वद मिनिटांत अशा वीस धावा घ्याव्या, त्यातल्या अठरा फुकट जाव्या, तरी एकोणिसावी तेवढ्याच जोमाने घ्यावी.

२०१० साली हॅलिफॅक्स टाउनने त्याला १५ हजार पौंडांना घेतले. पहिल्याच हंगामात संघ सातव्या पायरीची स्पर्धा जिंकून सहावीवर चढला. ऑगस्ट २०११ मध्ये तो लँकेशायरच्या किनाऱ्यावरच्या फ्लीटवुड या मासेमारीच्या गावातील क्लबाकडे, पाचव्या पायरीवर, गेला. तेथे एका हंगामात त्याने लीगचे ३१ गोल केले आणि फ्लीटवुड टाउन इतिहासात प्रथमच फुटबॉल लीगमध्ये दाखल झाला. १९८७ साली उघडलेल्या दारातून एक अख्खा क्लब आत गेला, तो बव्हंशी या एका माणसाच्या गोलांवर. मे २०१२ मध्ये लेस्टर सिटीने त्याच्यासाठी १० लाख पौंड मोजले. लीगबाहेरच्या खेळाडूला एवढी रक्कम तोवर कोणी दिली नव्हती.

येथे गोष्ट संपली असती तर ती नेहमीची यशोगाथा झाली असती. परंतु लेस्टरमधले पहिले वर्ष वाईट गेले. गोल आटले, प्रेक्षक चिडले, हातात पैसा आल्यावर मद्यपान वाढले. हे त्याने स्वतःच पुढे सांगितले आहे. आपण या पातळीचे नाही, परत जावे, असे त्याच्या मनाने घेतले. माझ्या कामात मी हे पुष्कळदा पाहिले आहे. दहा वर्षे कंत्राटी म्हणून राबलेला कामगार कायम झाला की पहिले काही महिने त्याला स्वतःच्याच खुर्चीवर बसायचा संकोच वाटतो. दार उघडले म्हणजे काम झाले असे नाही. आत आलेल्याचा हात कोणीतरी धरून ठेवावा लागतो. व्यवस्थापक नायजेल पिअर्सन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तो धरला. तू आम्हांला हवा आहेस, असे त्यांनी त्याला निक्षून सांगितले. पुढच्या हंगामात त्याने लीगचे १६ गोल केले आणि २०१४ साली लेस्टर प्रीमियर लीगमध्ये पोचले.

त्यानंतरचा भाग जगाला माहीत आहे, म्हणून मी तो थोडक्यात सांगतो. जून २०१५ मध्ये तो इंग्लंडकडून खेळला. तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता. त्याच वर्षी त्याने प्रीमियर लीगच्या सलग ११ सामन्यांत गोल करून रूड व्हॅन निस्टलरॉयचा सलग दहा सामन्यांचा उच्चांक मोडला. अकरावा सामना २८ नोव्हेंबर रोजी मँचेस्टर युनायटेडशी होता. मे २०१६ मध्ये क्लॉडिओ रानिएरीच्या मार्गदर्शनाखाली लेस्टर विजेते ठरले. हंगामाच्या आरंभी सट्टेवाले या विजयावर एकास पाच हजारांचा भाव देत होते. वार्डीचे लीगमधले गोल २४ होते. चेंडू बहुतेक सामन्यांत प्रतिपक्षाकडेच अधिक वेळ असे. लेस्टर वाट पाहत आणि संधी मिळताच मोकळ्या जागेत लांब चेंडू टाकून वार्डीला सोडत. आठव्या पायरीवर जे तो करत होता, तेच तो पहिल्या पायरीवर करत होता. २०१९–२० मध्ये, तेहेतिसाव्या वर्षी, २३ गोल करून तो प्रीमियर लीगचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला. एवढ्या वयात हा मान पूर्वी कोणाला मिळाला नव्हता. मे २०२५ मध्ये लेस्टरकडून ५००व्या सामन्यात २००वा गोल करून त्याने त्या क्लबाचा निरोप घेतला.

या सर्वांपेक्षा मला एक लहानशी नोंद मोलाची वाटते. इंग्लंडात एफए कप नावाची स्पर्धा आहे. तिच्या प्राथमिक फेऱ्या ऑगस्टमध्ये गावोगावच्या मैदानांवर सुरू होतात आणि अंतिम सामना वेम्ब्लीवर होतो. २०२१ साली लेस्टरने ती जिंकली, तेव्हा प्राथमिक फेरीपासून अंतिम फेरीपर्यंत प्रत्येक फेरीत कधी ना कधी खेळलेला पहिला खेळाडू म्हणून वार्डीचे नाव नोंदले गेले. म्हणजे शिडीची एकेक पायरी त्याच्या पायाखालून गेली.

आता प्रश्न असा की यातून बोध कोणता घ्यायचा? ‘जिद्द असली की सर्व साधते’ असे सांगून मोकळे होणे सोपे आहे. मालकवर्गाला हे वाक्य फार आवडते, कारण त्यात मागे राहिलेल्यांचा दोष आपोआप त्यांच्याच माथी येतो. जिद्द वार्डीत होतीच. परंतु १९८० साली अल्ट्रिंकहॅमच्या खेळाडूंत ती कमी होती काय? त्यांच्या काळी दार बंद होते, एवढाच फरक. आतल्या खेळाडूंनाही न्याय आपोआप मिळाला नाही. १९०१ साली त्यांच्या वेतनावर आठवड्याला ४ पौंडांची कमाल मर्यादा घातली गेली. १९०७ साली मँचेस्टरमध्ये स्थापन झालेल्या खेळाडू संघटनेने जिमी हिल यांच्या नेतृत्वाखाली संपाची तयारी केली, तेव्हा कोठे १९६१ साली ती मर्यादा उठली. त्या वेळी ती २० पौंड होती.

आपल्याकडे इंडियन सुपर लीग २०१४ साली सुरू झाली. खालच्या लीगचा विजेता केवळ खेळाच्या बळावर तिच्यात गेल्याचे प्रथम दिसले ते २०२३ साली, पंजाबच्या संघाच्या रूपाने. मधल्या नऊ वर्षांत आपल्याकडे चांगले आघाडीपटू नव्हते असे कोण म्हणेल?

गुणी माणूस कोणत्याही गावात, कोणत्याही पाळीवर असू शकतो. तो आहे की नाही हे आपल्या हाती नसते. त्याच्या मैदानापासून वरच्या मैदानापर्यंत वाट असावी, ती मतांच्या सोयीवर न राहता नियमाने चालावी, आणि सोळाव्या वर्षी ज्याचे नाव खोडले त्याला पंचविसाव्या वर्षी पुन्हा ते लिहिता यावे, हे मात्र आपल्या हाती असते. वार्डीचे गोल ज्याला आवडले, त्याने त्या वाटेचीही चौकशी करावी, एवढेच माझे सांगणे आहे.