कामाची व्याप्ती आणि रुग्णाची गरज

दरवर्षी अहवाल प्रसिद्ध झाल्यावर देणगीदार बंधु-भगिनींकडून एक प्रश्न हमखास येतो : निधी जमा झालेला असताना नवा विभाग सुरू होण्यास इतका अवधी का लागतो? रुग्णांचे आप्तजन हेच वेगळ्या शब्दांत विचारतात : यंत्र आले म्हणता, मग उपचार कधी सुरू होणार? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांचे उत्तर ताळेबंदात सापडत नाही, म्हणून ते येथे स्वतंत्रपणे देत आहोत.

कोणत्याही कामाच्या आरंभी दोन गोष्टी लेखी निश्चित व्हाव्या लागतात. पहिली गरज, म्हणजे काम पूर्ण झाल्यावर कोणाची कोणती अडचण दूर व्हावयास हवी. दुसरी व्याप्ती, म्हणजे त्या गरजेपैकी किती भाग, किती खर्चात, किती मुदतीत पूर्ण करावयाचा आणि कोणता भाग या कामात येणार नाही. बहुतेक योजनांत हा शेवटचा भाग लिहावयाचा राहून जातो आणि पुढील तंटे तेथूनच उद्भवतात.

याचे मोठे उदाहरण आपल्या जिल्ह्याच्या उंबरठ्यावरच आहे. शिवडी ते न्हावा शेवा या सागरी सेतूची कल्पना १९६० च्या दशकातील. प्रत्यक्ष बांधकाम २०१८ मध्ये सुरू झाले आणि १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झाले. सुमारे २१.८ किलोमीटर लांबीपैकी सुमारे १६.५ किलोमीटर भाग समुद्रावर आहे. मधल्या काळातील आखणीत रेल्वेमार्गाचाही विचार झाला होता. उभा राहिला तो सहा पदरी रस्ता. शिवडीच्या खाजणात येणाऱ्या रोहित पक्ष्यांना त्रास होऊ नये म्हणून तेथे ध्वनिरोधक बसविले गेले आणि जलवाहतुकीस वाट राहावी म्हणून पोलादी तक्त्यांचे लांब गाळे घातले गेले. दुचाकी व तीनचाकी वाहनांना मात्र या सेतूवर प्रवेश नाही. दुचाकीस्वाराची निराशा होते हे खरे. तथापि सेतू कोणासाठी आहे आणि कोणासाठी नाही, हे त्याला घरातून निघण्यापूर्वीच ठाऊक असते.

रुग्णालयाचे काम आकाराने लहान असले तरी नियम तोच आहे. डायलिसिस विभागाचे पाहा. ‘चार यंत्रे द्या’ ही मागणी सोपी वाटते, परंतु यंत्र ही गरज नव्हे. मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णास साधारणतः आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास उपचार लागतात. एक खेप चुकली तरी शरीरात पाणी व क्षार साचू लागतात. अलिबागच्या पुढील गावातील रुग्णास याचसाठी वडखळमार्गे पनवेल किंवा मुंबई गाठावी लागली, तर घरातील एका कमावत्या माणसाचा रोजगार आठवड्यातील तीन दिवस बुडतो. ही फेरी वाचविणे ही खरी गरज होय.

ती मान्य केली की यादी बदलते. यंत्रातून मिनिटास सुमारे अर्धा लिटर द्रावण वाहते. म्हणजे चार तासांच्या एका खेपेस सुमारे १२० लिटर अतिशुद्ध पाणी लागते. चार यंत्रे दिवसातून दोन वेळा चालविली तर हा आकडा ९६० लिटरवर जातो. शुद्धीकरणात काही पाणी वाया जात असल्याने मूळ पाणी याहून बरेच अधिक हवे. खारेपाटात भूजल मचूळ असते. तेथे शुद्धीकरण संयंत्राची क्षमता, पाण्याची साठवण आणि सांडपाण्याचा निचरा यांचा विचार यंत्रांच्या आधी करावा लागतो. प्रशिक्षित तंत्रज्ञ व परिचारिका यांचे वेतन तर प्रतिवर्षीचे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर धडकले, तेव्हा अनेक गावे कित्येक दिवस अंधारात होती. म्हणून जनित्र व त्याचा इंधनसाठा आम्ही मूळ व्याप्तीतच धरतो.

काम सुरू झाल्यावर नव्या सूचना येतात आणि त्या बहुधा चांगल्याच असतात. कोणी वातानुकूलित प्रतीक्षागृह सुचवितात, कोणी दिवंगत मातापित्यांच्या स्मरणार्थ आणखी एक खोली देऊ इच्छितात. प्रत्येक सूचना एकटी पाहिली तर किरकोळ वाटते. पाच-सहा एकत्र आल्या की मुदत टळते आणि पहिला रुग्ण पनवेलच्या गाडीतच राहतो. यासाठी प्रत्येक बदलाची नोंद आम्ही एका स्वतंत्र वहीत करतो आणि तीन प्रश्नांची उत्तरे तेथेच लिहितो : खर्च किती वाढेल? मुदत किती पुढे जाईल? निधी न वाढल्यास मूळ कामातील कोणती बाब कमी करावी लागेल? त्यानंतरच सूचना विश्वस्त मंडळापुढे जाते. निर्णय तीनपैकी एक असतो : आता, पुढील टप्प्यात, किंवा नाही. रुग्णाच्या सुरक्षिततेसाठी आवश्यक ठरलेला बदल मात्र प्रतीक्षेत ठेवला जात नाही; त्यासाठी इतर बाब मागे सारली जाते.

येथे हिशेबाचाही एक मुद्दा आहे. देणगीदाराने लेखी नमूद केलेल्या कारणासाठी आलेली रक्कम निर्दिष्ट निधीत जमा होते आणि त्याच कारणासाठी खर्च करावी लागते. एका कामाची व्याप्ती फुगली म्हणून दुसऱ्या निधीला हात लावता येत नाही. त्यामुळे कधी कधी सद्भावनेने देऊ केलेल्या देणगीसही ‘या टप्प्यात नको’ असे विनयपूर्वक कळवावे लागते. असे पत्र लिहिणे कठीण असते. परंतु अर्ध्यावर राहिलेल्या इमारतीवरील नामफलक दात्याच्या स्मृतीचा सन्मान करीत नाही. चालू विभागातील एक खाट तो करते.

सर्व हितचिंतकांस आमची विनंती आहे की, देणगी देण्यापूर्वी त्या कामाची गरज-यादी व व्याप्तीपत्र कार्यालयातून अवश्य मागून घ्यावे आणि त्यात काय समाविष्ट नाही तेही वाचावे. रुग्णांच्या आप्तजनांनी आपल्या अडचणी आराखडा पक्का होण्यापूर्वी सांगाव्यात. शेवटची एस्‌. टी. किती वाजता सुटते, ही माहितीही उपचारांच्या वेळा ठरविताना मोलाची ठरते. कागदावर असताना भिंत सरकविण्यास खोडरबर पुरते. नंतर तीच भिंत देणगीच्या पैशातून पाडावी लागते.