गुरुजींना दोनच पास

अमेरिकेत महाविद्यालयाला चांगला खेळाडू हवा असला की पहिली पावले वळतात ती शाळेतल्या क्रीडाशिक्षकाकडे. सतरा वर्षांचा मुलगा त्याचा शब्द आईबापांइतकाच मानतो. मग त्या शिक्षकालाच कोणी मिंधे करून ठेवले तर? १९०६ साली स्थापन झालेल्या एनसीएए या महाविद्यालयीन क्रीडासंघटनेची नियमावली येथे भलतीच बारकाईने लिहिलेली आहे. शिक्षकाला वापरायला मोटार द्यायची नाही, खेळाडू पाठविल्याचा मोबदला द्यायचा नाही. पाहुणचार करायचाच तर आपल्या मैदानावरील सामन्याचे दोन फुकट पास! मला सर्वांत शहाणपणाची वाटते ती उन्हाळी शिबिराची अट. शिबिरात शिक्षकाला कामावर घेता येते; पण त्याने किती मुले आणली यावर पगार ठरवायचा नाही. लाच पगाराच्या पाकिटातूनही देता येते, हे नियमकर्त्यांनी ओळखले आहे. वर्षातले काही दिवस तर महाविद्यालयाच्या प्रशिक्षकाने भरतीसाठी शाळेत पाऊलच टाकायचे नाही. त्या काळाला ‘डेड पीरियड’ म्हणतात. (टेलिफोन मात्र चालतो!)

हे सोवळे कोणाला अति वाटेल. पण खेळाडूंना चोरून पैसे दिल्याबद्दल डॅलसच्या सदर्न मेथॉडिस्ट विद्यापीठाचा १९८७ चा फुटबॉल हंगामच रद्द झाला होता. २०२५ पासून महाविद्यालये खेळाडूला उघडपणे पैसे देऊ लागली आहेत. त्याला तिथवर पोचविणाऱ्या गुरुजींच्या वाट्याला अजून पासच आहेत.