घेणाऱ्याचे देणे

'कृतज्ञ' या शब्दाचा अर्थ त्याच्या घडणीतच सामावलेला आहे. कृत म्हणजे केलेले. ते जो जाणतो तो कृतज्ञ. कृतज्ञता ही मुळात आभारप्रदर्शनाची भाषा नव्हे, तो जाणिवेचा एक प्रकार आहे. विद्येच्या बाबतीत ही जाणीव विशेष अवघड असते, कारण विद्येचे ऋण ज्याचे त्याला क्वचितच परत करता येते. विद्यार्थी कमावता होईपर्यंत गुरुजी वृद्ध झालेले असतात, आणि ज्याच्या वर्गणीतून शाळेची भिंत उभी राहिली त्याचे नावही पुष्कळदा ठाऊक नसते. मग हे ऋण फेडावयाचे कोणाला? मागून येणाऱ्याला, हे त्याचे उत्तर आहे. महाराष्ट्रातील दोन शिक्षणसंस्थांनी हे उत्तर प्रत्यक्ष आचरून दाखविले.

पहिली हिंगण्याची. धोंडो केशव कर्वे यांनी 1893 साली एका विधवेशी पुनर्विवाह केला, तेव्हा त्यांच्या मुरूड गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. 1896 साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम स्थापिला आणि 1900 साली पुण्याजवळच्या हिंगण्यास एका झोपडीत तो नेला. ती जागाही दानाचीच होती. फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवून हे अध्यापक पायी हिंगण्यास जात आणि सुटीच्या दिवसांत वर्गणीसाठी गावोगाव हिंडत. विधवांनी शिकावे हेच ज्या समाजाला मान्य नव्हते, त्याच समाजाकडे हात पसरावयाचा होता. त्यामुळे चार आणे देणारा गृहस्थही पैशाबरोबर आपले मत देत होता. कर्व्यांनी प्रत्येक पैचा चोख हिशेब ठेवला, याचे मर्म येथे आहे. देणाऱ्याच्या विश्वासाची कृतज्ञतेने केलेली परतफेड म्हणजेच तो हिशेब होय.

या आश्रमात घेणाऱ्याच पुढे देणाऱ्या झाल्या. कर्व्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले वैधव्यानंतर येथे शिकल्या, येथेच काम करू लागल्या आणि संस्थेसाठी निधी जमविण्यास देशभर फिरल्या. इंग्रजीचे बेताचेच ज्ञान असताना 1918 साली त्या अमेरिकेस गेल्या आणि तेथे घरकाम करूनही त्यांनी दिवस काढले. पुढे 1920 साली विठ्ठलदास ठाकरसी यांनी आपल्या मातोश्रींच्या स्मरणार्थ महिला विद्यापीठाला पंधरा लाख रुपयांची देणगी दिली. ती मोठीच होती. परंतु हिंगण्याच्या संस्थेने रूढ केलेला भाऊबीज निधी हा तिच्याहून निराळ्या अर्थाने मोठा आहे. दिवाळीच्या सुमारास कार्यकर्त्या घरोघर जातात आणि भावाने बहिणीला घालावी तशी ओवाळणी मागतात. भिक्षा मागताना मान खाली जाते. ओवाळणी हा बहिणीचा हक्क असतो. एका शब्दाने देणारा नातलग झाला आणि घेणारीचा मान राखला गेला.

दुसरी संस्था रयतेची. भाऊराव पाटील यांनी 1919 साली कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि 1924 साली साताऱ्यास वसतिगृह चालू केले. सर्व जातिधर्मांची मुले तेथे एकत्र राहत व एका पंक्तीला जेवत. 1927 साली महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहाचे 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस' असे नामकरण झाले. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई सधन घरातल्या आणि सोवळ्या-ओवळ्याच्या संस्कारांत वाढलेल्या. तरी त्यांनी या मुलांना पोटच्या मुलांप्रमाणे सांभाळले. अंगावरचे दागिने एकेक करून मोडले गेले आणि धान्य संपले तेव्हा मंगळसूत्रही गेले. 1930 साली त्या निवर्तल्या. त्यांनी जे दिले त्याची पावती कोणत्याही वहीत फाडता आली नसती.

परंतु केवळ घेत राहण्याने मनुष्य मिंधा होतो, हे भाऊरावांनी ओळखले होते. म्हणून 'कमवा व शिका' ही योजना आली. मुले शेतात राबली, त्यांनी खडी फोडली, इमारतींना हात लावला. 1940 साली साताऱ्यास निघालेले महाराजा सयाजीराव हायस्कूल याच तत्त्वावर चालले. आपल्या श्रमाने उभ्या केलेल्या भिंतीत पुढच्या वर्षी दुसरे मूल शिकणार, हे जाणणारा विद्यार्थी शाळेत असतानाच दाता झालेला असतो. वसतिगृहातील कित्येक मुले पुढे अल्प वेतनावर याच संस्थेत शिक्षक झाली. विलायतेस जाऊन बॅरिस्टर झालेले पी. जी. पाटील हे त्यांच्यापैकीच. वकिलीच्या मिळकतीकडे पाठ फिरवून ते संस्थेत परतले आणि कालांतराने शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. संस्थेचे बोधचिन्ह वटवृक्षाचे आहे. वडाची पारंबी जमिनीला टेकली की ती केवळ लोंबकळणारी फांदी राहत नाही, ती झाडाचा भार पेलू लागते.

आजच्या शाळांना यातून काय घेता येईल? पहिली गोष्ट ही की, दान लहान असावे, पण नेमाने व्हावे. वर्षातून एकदा टाळ्यांच्या गजरात दिलेल्या रकमेपेक्षा दरमहा बाजूला काढलेला रुपया मुलाच्या मनावर अधिक संस्कार करतो. दुसरी ही की, ते स्वेच्छेचे असावे. सक्तीची वर्गणी हा कर होतो, दान होत नाही. तिसरी गोष्ट सर्वांत नाजूक आहे. गरीब मुलाला व्यासपीठावर उभे करून त्याच्या हातात वह्या देणे आणि छायाचित्र घेणे, यात दात्याची हौस भागते. मुलाच्या वाट्याला मात्र संकोच येतो. कृतज्ञता मागून मिळत नाही. उपकाराची आठवण करून दिली की तिची जागा लाचारी घेते, आणि लाचार मनुष्य संधी मिळताच उपकारकर्त्याला विसरू पाहतो.

भाऊराव 1959 साली गेले, कर्वे 1962 साली. त्यांच्या संस्था आजही चालू आहेत. मोठ्या देणग्यांनी त्यांना बळ दिले यात शंका नाही. परंतु अडचणीच्या काळात त्यांना तारले ते ज्यांनी तेथे घेतले होते त्यांनीच. ज्या शाळेतून बाहेर पडणारा प्रत्येक जण 'मला कोणी दिले' एवढे विचारून न थांबता 'आता माझ्याकडून कोणाला' असे विचारतो, तिचा निधी कधी आटत नाही.